काकाबेकाचा विसर्ग

“एवढंच?” भाऊजी म्हणाले.

काकाबेका धबधब्यासमोरच्या लाकडी सज्जात आम्ही चौघं उभे होतो. ऑगस्टचा पहिला आठवडा, ऊन चांगलं चढलेलं, पार्किंगमध्ये गाड्यांची रांग, आणि कुणाच्या तरी कुत्र्याला पाणी बघून आनंदाचं भरतं आलेलं. कॅनडातल्या आमच्या गावाहून, थंडर बेहून, हायवेनं पश्चिमेला अर्धा तास गेलं की इथे कामिनिस्टिक्विया नदी ४० मीटर खाली कोसळते. पाहुणे आले की पहिल्या दिवशी त्यांना इथे आणायचं, हा आमच्या घरचा शिरस्ता. त्या दिवशी मात्र नदीचं कोसळण्यात लक्ष नव्हतं. रुंद काळ्या कड्याच्या एका अंगानं तांबूस पाण्याचे दोन-चार पदर उतरत होते. बाकीचा कडा उघडा पडलेला, त्याचे पापुद्रे सुटलेले थर उन्हात कोरडे ठणठणीत. मी काहीतरी सारवासारव करणार तेवढ्यात भाऊजींनी कठड्यावर कोपरं टेकली, धबधबा सोडून नदीच्या वरच्या अंगाला डोळे बारीक करून पाहिलं आणि विचारलं, “वर कुठेतरी अडवलंय. विसर्ग किती सोडतात गं?”

भाऊजींची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली, त्यातली बरीच वर्षं कोयनेला. निवृत्तीनंतरही पावसाळ्यात पेपर आला की ते आधी धरणांच्या पाणीसाठ्याचा चौकोन वाचतात, मग राजकारण. त्यांचा अंदाज बरोबर होता. वर बांध आहे, तिथून पाणी मोठ्या नळांमधून खालच्या वीजकेंद्राकडे जातं, आणि हा उद्योग १९०६ पासून चालू आहे. पावसानं ओढ दिली की धबधब्याच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. मी तसं सांगितलं. “मग बरोबर,” ते म्हणाले. आठवडाभर आधी लेकीनं त्यांना टोरोंटोहून नायगरा दाखवून आणला होता. तिथेही कुठल्याशा फलकावर त्यांनी हुडकून काढलं होतं की १९५० च्या कराराप्रमाणे पर्यटकांच्या हंगामात दिवसा सेकंदाला निदान एक लाख घनफूट पाणी सोडावंच लागतं, आणि रात्री त्याच्या निम्म्यावर आणता येतं. काकाबेकाला इकडे ‘उत्तरेचा नायगरा’ म्हणतात. ते मी त्यांना सांगायला नको होतं. पण पाण्याचा हिशेब लागला आणि त्यांच्यापुरता विषय मिटला.

माझ्यापुरता मिटला नाही.

परतीच्या रस्त्यावर ते ‘एवढंच?’ टोचत राहिलं. खरं तर साताऱ्याचं माणूस धबधब्यांच्या बाबतीत लाडावलेलं असतं, हे मला चांगलं ठाऊक आहे, मीही त्यातलीच. जुलैत ठोसेघरला जाणारी गाडी वाटेतच धुक्यात शिरायची. धबधबा दिसायच्या आधी त्याचा आवाज यायचा, त्याच्याही आधी चेहऱ्यावर ओल यायची, आणि बऱ्याचदा दिसायचं काहीच नाही. समोर नुसता पांढरा पडदा, आत कुठेतरी प्रचंड काहीतरी चाललेलं, हातात मीठ-लिंबू चोळलेलं कणीस. तासभर थांबून धुकं हललं नाही तर लोक हसतखेळत परत फिरायचे आणि घरी गेल्यावर “धबधबा पाहिला” असंच सांगायचे. त्या पावसापुढे इथल्या कोरड्या ऑगस्टाची काय कथा. मग मला वाईट कशाचं वाटलं? धबधबा काही माझा नाही. मी तो बांधला नाही, माझ्या वाडवडिलांनी त्यात अस्थी सोडल्या नाहीत. तरी आपल्या पोरानं पाहुण्यांपुढे कविता म्हणताना मध्येच अडकावं, तसं काहीतरी मला सज्जात झालं होतं. या गावाच्या वतीनं ओशाळावं इतकी मी या गावाची कधी झाले, तो दिवस काही लक्षात नाही.

संध्याकाळी मी भाऊजींना खडकाचं सांगून पाहिलं. काकाबेकाचा कडा ज्या थरांचा आहे त्यांना गनफ्लिंट म्हणतात. या भागातल्या त्या खडकात सुमारे १९० कोटी वर्षांपूर्वीच्या सूक्ष्मजीवांचे ठसे सापडले. १९५४ मध्ये ते जाहीर झाले तेव्हा पृथ्वीवरचं जीवन किती जुनं आहे याचा हिशेब शास्त्रज्ञांना नव्यानं मांडावा लागला. आपल्या सह्याद्रीचा काळा पत्थर साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे याच्यापुढे कालचा. भाऊजींनी लक्षपूर्वक ऐकलं. “ते ठसे दिसतात का?” त्यांनी विचारलं. म्हटलं, नाही, सूक्ष्मदर्शक लागतो. “मग झालं,” ते म्हणाले आणि आमटीत पोळी कुस्करायला लागले.

त्यांना यायच्या आधीपासून एकच काळजी होती. तिकिटं काढल्यापासून त्यांचा व्हॉट्सॲपवर प्रश्न यायचा, “तिथे बघायला काय काय आहे?” टोरोंटोपासून थंडर बे गाडीरस्त्यानं १,४०० किलोमीटर, एवढं लांब यायचं तर बघायला काहीतरी हवंच की. मी यादी पाठवली होती. ती वाचताना माझं मलाच जाणवलं की यातलं निम्मं पाच मिनिटांत बघून होणारं आहे आणि उरलेलं बघण्याजोगं नाहीच. आमच्या लहानपणी सहल म्हणजे पॉइंट. महाबळेश्वरला एका दिवसात नऊ पॉइंट करणारे टॅक्सीवाले असत. गाडी थांबली की उतरायचं, कठड्याशी जायचं, दरीकडे बघून “वा” म्हणायचं, फोटो काढायचा, पुन्हा गाडीत. संध्याकाळी चणे आणि स्ट्रॉबेरी. यात हसण्यासारखं काही नाही. पायांनी कमी-जास्त झालेल्या माणसालाही दरी मिळाली पाहिजे, आणि कठडा ही मोठी समतावादी वस्तू आहे.

थंडर बेत कठडे कमी, आणि सगळे एकाच गोष्टीकडे तोंड करून. हिलक्रेस्ट पार्कात उभं राहा, मरीना पार्कात बाकावर बसा, धान्याच्या कोठारांच्या मधल्या फटीतून बघा, लेक सुपीरियरच्या खाडीपलीकडे तोच आडवा पडलेला असतो: स्लीपिंग जायंट. उताणा निजलेला, हात छातीवर. अक्कानं, म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाईंनी, त्याला पाहिल्याबरोबर ओळखलं. “अगं, हा तर खरंच निजलाय की! हनुवटी बघ. गळ्याचा मणीसुद्धा.” मग तिनं नकळत हात जोडले आणि नंतर मला बारीक आवाजात विचारलं, “कोण आहेत हे?” मी तिला नानाबिजूची पर्यटकांना सांगतात ती गोष्ट सांगितली. इथल्या मूळनिवासी ओजिब्वे लोकांचा हा रक्षणकर्ता; चांदीच्या खाणीचं गुपित गोऱ्यांना कळलं तेव्हा तो दगड होऊन पडला. आणि मतदानाचीही गोष्ट सांगितली. २००७ मध्ये सीबीसी या सरकारी प्रसारण संस्थेनं कॅनडाची सात आश्चर्यं निवडायला लोकांची मतं मागवली. या निजलेल्याला सगळ्यांत जास्त मतं पडली, तरी परीक्षकांनी शेवटच्या सातांत त्याला घेतलं नाही. हे दुःख गावानं अजून पुरतं गिळलेलं नाही. भाऊजी पहिल्यांदाच खुलले. “म्हणजे निवडून आला आणि मंत्रिमंडळात घेतला नाही. आपल्याकडचं दिसतंय.”

जायंटाची गंमत अशी की तो गावातून हाताच्या अंतरावर दिसतो, पण त्याच्या पायाशी पोचायला खाडीला वळसा घालून तासभर गाडी चालवावी लागते, आणि त्याच्या अंगावर चढायचं तर जाऊन-येऊन वीस किलोमीटरच्या वर चाल आहे. वरच्या कड्यावरून अडीचशे मीटर सरळ खाली तळं. गावातले लोक ही चाल हिंडल्यासारखी करून येतात. इथे सोमवारी सकाळी कुणी “काय पाहिलंस?” असं विचारत नाही, “काय केलंस?” असं विचारतात. शुक्रवारी दुपारपासून अर्धं गाव आपापल्या तळ्याकाठच्या घरांकडे निघतं, त्याला कॅम्प म्हणतात. गाड्यांच्या टपावर कयाक, मागे सायकली. हिवाळ्यात टपावर स्की येतात. खाडी गोठली की बर्फावर रंगीत झोपड्यांचं गाव वसतं; बर्फाला गिरमिटानं भोक पाडायचं, गळ सोडायचा आणि थर्मासमधली कॉफी पीत बसायचं. मासा मिळालाच पाहिजे अशी अट नाही. फिनलंडहून शंभर वर्षांपूर्वी आलेल्या लाकूडतोड्यांनी सॉना, म्हणजे घाम काढणारी गरम खोली, इथे आणला, तो आता सगळ्यांचा झालाय. त्याच लोकांनी १९१८ मध्ये स्वस्त जेवणासाठी पैसे जमवून ‘लेबर टेंपल’ या कामगारांच्या सभागृहाच्या तळघरात ‘होइटो’ हे उपाहारगृह काढलं. मोठाल्या पातळ पॅनकेकसाठी तिथे रविवारी रांग लागायची. २०२१ च्या डिसेंबरात ती इमारत जळाली. मी तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या आजीबाईंनी ओळख ना पाळख, माझ्या ताटाकडे बघून “साखर नको, स्ट्रॉबेरी घे” असं बजावलं होतं.

हे ‘करणं’ मला जमायला वेळ लागला, आणि पूर्ण जमलं असं आजही म्हणवत नाही. कॅमव्ह्यूच्या स्की-वाटांवर माझ्या आईच्या वयाच्या बायका मला मागे टाकून जातात आणि जाताना “छान चाललंय हं!” म्हणतात, त्याचा मला अजून राग येतो. पण फेब्रुवारीतल्या उन्हाची एक सकाळ असते, उणे अठरा, झाडांवरचा बर्फ वाऱ्याविना आपोआप सुटून खाली येतो, नाकातले केस कडक होतात, आणि स्की खालच्या बर्फाचा कर्र-कर्र आवाज सोडला तर जगात काही नसतं. ते बघायला मिळत नाही, त्यात असावंच लागतं. इथवर मी या गावाच्या बाजूनं आहे. त्यापुढे नाही. कारण या करण्याला सामान लागतं, सामानाला पैसे लागतात, आणि दोन्हींच्या आधी सुट्टी लागते. मरीना पार्कात संध्याकाळी पंजाबी आणि मल्याळम कानावर पडते. ही पोरं इथल्या विद्यापीठात आणि कॉलेजात शिकतात, रात्री पिझ्झा पोचवतात, गोदामात माल लावतात. जायंट त्यांना रोज दिसतो. त्याच्या पायाशी जायला गाडी नाही आणि शनिवार मोकळा नाही. त्यांच्यापुढे “अरे, तुम्ही वर चढला नाहीत?” असं म्हणणाऱ्या लोकांना काय म्हणावं! तेव्हा मला आपला कठडाच बरा वाटतो.

अक्कानं मात्र दोन्ही मतांना धाब्यावर बसवलं. तिला ना पॉइंट हवे होते ना व्यायाम. रस्त्याच्या कडेला जॅकपाइनच्या झाडोऱ्यात रानटी ब्लूबेरी पिकल्या होत्या. तिनं गाडी थांबवायला लावली आणि ओढणीचा ओचा करून गुडघ्यावर बसली. बोटं, ओठ, दात सगळं निळं. डास आणि बारीक काळ्या माश्या मानेवर तुटून पडत होत्या, मी हातवारे करत होते, नवरा “अस्वल येईल” म्हणून टाळ्या वाजवत उभा. तिचं चालूच. उन्हाळ्याच्या सुट्टीत मेढ्याच्या रानात करवंदं तोडायची तिची सवय साठाव्या वर्षीही बोटांतून गेली नव्हती. पिकलेलं ओरबाडायचं नाही, अंगठ्यानं नुसतं ढकलायचं. पुढे ॲमेथिस्टच्या खाणीवर गेलो. तिथे लोकांना मातीतून खडे वेचू देतात आणि वजनावर पैसे घेतात. तिनं एक जांभळा खडा उन्हात धरला, म्हणाली, “नीलम परवडत नाही त्याला गुरुजी हा सांगतात. शनीचा.” मग ज्या-ज्या नातेवाइकांची साडेसाती चालू होती त्यांची मोजदाद करून तेवढे खडे घेतले. घासाघीस केली नाही, याचं मला आश्चर्य वाटलं. “देवाच्या कामाला घासाघीस करू नये,” ती म्हणाली.

फोर्ट विल्यम ऐतिहासिक उद्यानाला भाऊजींनी साफ नकार दिला. दोनशे वर्षांपूर्वी बीव्हरच्या कातड्यांचा व्यापार करणाऱ्या नॉर्थ वेस्ट कंपनीचं ते ठाणं. मूळ जागेवर रेल्वेचं यार्ड आलं, म्हणून नदीच्या वरच्या अंगाला ते नव्यानं उभारलं आणि १९७३ मध्ये खुलं केलं. “दारात अजिंक्यतारा असणाऱ्या माणसानं सात समुद्र ओलांडून नवा बांधलेला किल्ला बघायचा?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

टेरी फॉक्सच्या पुतळ्याशी मात्र ते रेंगाळले. गावाबाहेर पूर्वेला, हायवेच्या वर, नऊ फुटी ब्राँझचा मुलगा. कुरळे केस, एक पाय स्वतःचा, एक कृत्रिम. कॅन्सरनं उजवा पाय गेला तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. कॅन्सरवरच्या संशोधनासाठी पैसे उभे करायला १२ एप्रिल १९८० रोजी तो देशाच्या पूर्व टोकापासून पश्चिमेकडे धावत निघाला, आणि १ सप्टेंबरला इथे, थंडर बेच्या वेशीशी, त्याला थांबावं लागलं. रोग फुप्फुसात पोचला होता. पुढच्या जूनमध्ये, तेविसावं पुरं व्हायला महिना असताना, तो गेला. १४३ दिवस, ५,३७३ किलोमीटर. ही गोष्ट मला पाठ आहे, मुंबईतही त्याच्या नावानं दौड झालेली आहे, शाळांमधून तो कॅनडाच्या प्रत्येक पोराला भेटतो. पाठ झालेल्या गोष्टीचं होतं तसं माझं झालं होतं, मी ती भरभर सांगून टाकली. भाऊजी फलकावरच्या आकड्यांशी थांबले आणि बोटांवर भागाकार केला. “म्हणजे रोज सदतीस-अडतीस. आणि हे सुट्ट्या धरून. आमच्या हिल मॅरेथॉनला एकवीस किलोमीटर धावतात, तर आठवडाभर पायऱ्या उतरता येत नाहीत लोकांना.” मग त्यांनी विचारलं, “सुरुवातीला बरोबर कोण होतं?” एक मित्र, व्हॅन चालवायला. “जेवण कोण करायचं?” मला माहीत नव्हतं. इतक्या वेळा पाहुण्यांना घेऊन तिथे गेले, पण त्या पोराच्या जेवणाचं कुणी विचारलं नव्हतं.

विमेट कॅन्यनला उलटा प्रकार झाला. गावाच्या ईशान्येला, जंगलातून छोटीशी वाट, आणि वाटेच्या शेवटी अचानक जमीन संपते. १०० मीटर खोल, १५० मीटर रुंद, दोन्हीकडे उभ्या खांबांचे कडे. तळाशी ऊन पोचत नाही, थंडी साचून राहते, म्हणून तिथे उत्तर ध्रुवाकडच्या वनस्पती आजही तग धरून आहेत. हजार किलोमीटर उत्तरेला जे उगवतं ते इथे दरीच्या बुडाशी. पाय पडला तर त्या नष्ट होतील, म्हणून खाली उतरायला बंदी. दोन सज्जे आहेत, तिथून बघायचं आणि परतायचं. म्हणजे पॉइंटच. कयाकवाल्यांना आणि स्कीवाल्यांना इथे काही करता येत नाही. भाऊजींनी कठड्यावर कोपरं टेकली, दरीकडे बघितलं, “वा” म्हटलं, आणि फोटो काढला. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

त्यांचा खरा जीव रमला तो सिल्व्हर आयलेटला, जिथे बघायला अक्षरशः काही नाही. जायंटाच्या पायाशी, रस्ता संपतो तिथे, किनाऱ्यानं खाणकामगारांच्या जुन्या लाकडी घरांची एक ओळ आहे. आता त्यांत लोक उन्हाळ्यात राहायला येतात. समोर तळ्यात दूर एक ठिपका दिसतो. दिसला तर. तो ठिपका म्हणजे पाण्यावर जेमतेम अडीच मीटर वर आलेला खडक होता आणि १८६८ मध्ये त्यात चांदीची शीर सापडली. आम्ही दोघी सी लायन नावाच्या दगडी कमानीपर्यंत चालत जाऊन आलो. तेवढ्या वेळात भाऊजींनी एका घराच्या ओसरीत रंग देत असलेल्या आजोबांशी मैत्री केली होती. भाऊजींचं इंग्रजी टेंडरच्या भाषेतलं, आजोबांना ऐकायला कमी. पण दोघं जमिनीवर काडीनं आकृती काढत बसले होते. आम्ही पोचलो तशी भाऊजींनी ती आम्हाला समजावून सांगितली. त्यांचा आवाज मी इतका वर चढलेला कधी ऐकला नव्हता.

“खडक एवढासा. आणि हे पाणी म्हणजे समुद्रच. विल्यम फ्रू म्हणून माणूस, त्यानं भोवती लाकडी पेट्या बुडवून दगड भरले, लाटांना बांध घातला. वादळात गेला, पुन्हा घातला. पुन्हा गेला, पुन्हा घातला. खाणीतला दगड टाकून-टाकून बेट मूळच्या दहापट केलं. आणि वरून तळं, आत खाण! खाली सुमारे ३८० मीटर गेले. आपल्या कोयनेला ‘लेक टॅपिंग’ केलं तेव्हा आम्ही तळ्याला खालून भोक पाडलं आणि देशभर नाव झालं. इथे यांनी भोक पडू नये म्हणून सोळा वर्षं पंप चालवला. रात्रंदिवस. वाफेवर.” मग ते थांबले आणि काडी टाकून दिली. “आणि शेवटी काय झालं, कोळसा आला नाही. १८८३ चा हंगाम संपायच्या आत कोळशाचं जहाज पोचायला हवं होतं, ते आलं नाही, तळं गोठलं. कोळसा संपला, पंप बंद. १८८४ च्या सुरुवातीला पाणी आत. संपलं. चांदी सरत आली होतीच, पण खाण बुडाली ती त्यामुळे नाही. डेपोतून माल वेळेत आला नाही म्हणून.” खात्यात हयात काढलेल्या माणसाला यातलं काहीही नवीन नव्हतं. ते बराच वेळ त्या ठिपक्याकडे बघत बसले, आणि ‘एवढंच?’ हा शब्द त्यांच्या तोंडून आला नाही. आजोबांनी त्यांना लिंबू सरबत दिलं.

मी चपला काढून पाण्यात उभी राहिले. ऑगस्टातही घोट्यातून कळ डोक्यात गेली. ८२,१०० चौरस किलोमीटरचं तळं, सगळ्यात खोल जागी ४०६ मीटर. यात आलेलं पाणी बाहेर पडायला सरासरी १९१ वर्षं लागतात. म्हणजे फ्रूच्या पंपानं उपसून टाकलेलं पाणी बहुधा अजून इथेच कुठेतरी फिरत असेल. भाऊजींना सांगितलं असतं तर त्यांनी कागद-पेन मागितलं असतं, म्हणून गप्प बसले.

शेवटच्या दिवशी माउंट मॅकेवर गेलो. गावाच्या दक्षिणेला हा सपाट माथ्याचा डोंगर. अनिमकी वाजिव हे त्याचं जुनं नाव. तो फोर्ट विल्यम फर्स्ट नेशनच्या, म्हणजे इथल्या मूळनिवासींच्या, जमिनीवर आहे, त्यांच्या नाक्यावर गाडीमागे थोडे पैसे देऊन वर जायचं. वरून सगळं एका नजरेत येतं: नदीची तोंडं, कोठारं, विमानतळ, आमच्या घराच्या बाजूचा पाण्याचा टॉवर, आणि पलीकडे निजलेला. इथे आले की माझ्या डोक्यातला काकाबेकाचा तो प्रश्न दुसरीकडून वर येतो. मला धबधब्याबद्दल वाईट वाटलं, ठीक. पण ज्यांच्या वाडवडिलांचं हे सगळं आहे त्यांच्याशी १८५० मध्ये करार झाला, त्यातली वर्षासन रक्कम १८७५ पासून माणशी ४ डॉलर, ती पुढे पिढ्यान्‌पिढ्या तेवढीच राहिली. सरकारनं वचन पाळलं नाही हे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रेल्वेसाठी नदीमुखावरची त्यांची वस्ती उठवली. हे मी भाऊजींना सांगितलं तेव्हा ते चटकन म्हणाले, “प्रकल्पग्रस्त.” कोयनेच्या विस्थापितांच्या फायली त्यांच्या टेबलावरून गेलेल्या. कोणाची जमीन कुठे मिळाली, कोणाची अजून मिळाली नाही, याची नावानिशी उदाहरणं त्यांनी परतीच्या रस्त्याभर दिली. त्या काळात वरच्या साहेबांना काय-काय लिहून पाठवलं होतं तेही. या गावाबद्दल माझं जे काही वाटणं आहे ते भाडेकरूचं. भिंतीला खिळा ठोकताना विचारावं लागतं, पण गळकं छप्पर पाहुण्यांना दिसलं की लाज मलाच वाटते. यात काही चुकीचं आहे असं मला वाटत नाही. मालकीहक्काची भाषा सुटली तर बरं, एवढंच.

उतरून गावात शिरलो तर फाटक पडलेलं. समोरून मालगाडी निघाली होती, प्रेअरीतलं धान्य कोठारांकडे चाललेलं, डब्यामागून डबा, करड्या, लाल, गंजक्या. आम्हाला रोजची कटकट. नवऱ्यानं इंजिन बंद केलं आणि सुस्कारा टाकला. अक्का मात्र खिडकीची काच खाली करून मोजायला लागली, अंक मोठ्यानं. साठनंतर भाऊजींनीही मोजायला घेतलं. “यातून काय जातं?” तिनं एकीकडे बोटं मिटत विचारलं. मी म्हटलं, गहू असेल, कनोला असेल. कॅनडाची मसूर आपल्याकडे जाते पण ती या गाडीत आहे का ते सांगता येणार नाही. “म्हणजे असूही शकते,” ती म्हणाली आणि मोजणी चालू ठेवली. गाडी संपली तेव्हा तिच्या हिशेबानं एकशे अठरा डबे झाले होते. भाऊजींच्या हिशेबानं एकशे सोळा.

साताऱ्याला पोचल्यावर तिचा फोन आला. भिशीत बायकांनी कॅनडाचं विचारलं तर तिनं आधी गाडीचं सांगितलं, मग ब्लूबेरीचं, मग खडे वाटले. नायगरा शेवटी. डब्यांवर कुणाचा विश्वास बसेना, आणि घरात एकशे सोळा की अठरा यावर अजून रोज होतं. “तुमचे भाऊजी म्हणतात मी इंजिनं धरली,” ती वैतागून म्हणाली. “तू असं कर, शनिवारी फाटकावर जाऊन एकदा मोज. इंजिनं धरू नकोस.”